आवक सगळी मिरजेत, जावक कुठाय?

पेशवाईत मिरजेला आलेली पत्रं नकाशावर टाकली, की मिरज बरोबर मधोमध बसते आणि चहूकडून रेघा तिच्यावर येऊन पडतात. पुण्याहून, धारवाडाहून, तुंगभद्रेपलीकडच्या छावण्यांतून. दिवाळीत पुतणी आली होती, तिनं लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, "काका, मिरज एवढी मोठी होती त्या काळात?" म्हटलं, "होती की मोठी. पण हे चित्र त्याचा पुरावा नव्हे. कागदांचं कपाट मिरजेत होतं, एवढंच यातून कळतंय."

मी इतिहासाचा माणूस नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या काही अडत दुकानांची खाती बघतो. मोडी शिकलो ती आजोबांच्या वह्या वाचाव्यात म्हणून. हरिपूरला आमची हळद पेवात असायची, त्याचे हिशेब मोडीत होते. त्या वह्यांतून व्याज आणि भाऊबंदकी यापलीकडे फार काही निघालं नाही, पण मोडीची खोड लागली ती लागलीच. मग छापील पत्रांकडे वळलो, आणि छापील पत्रं म्हटल्यावर आमच्या भागात एकच नाव: वासुदेवशास्त्री खरे.

खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. शाळा सांभाळून त्यांनी मिरजेच्या पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं वाचली, उतरवून घेतली, तारखा लावल्या आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावानं छापायला सुरुवात केली. १९२४ साली ते गेले तोवर खंडांमागून खंड निघत होते. आज ते खंड वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते हे, की एका माणसाच्या डोक्यात हजारो पत्रांची संगती होती. कोण कुणाचा मेहुणा, कुणाची छावणी कुठं, कुठलं पत्र कुठल्याचं उत्तर. आपल्या डोक्यात ती नाही. म्हणून आपल्याला तक्ता लागतो, नकाशा लागतो.

मी वापरतो ते पॅलॅडिओ. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी केलेलं, फुकट, ब्राउझरमध्येच चालणारं. एक्सेलमधला तक्ता उचलून तिथं चिकटवायचा. ज्या गावातून पत्र निघालं त्याचे अक्षांश-रेखांश एकाच रकान्यात, मध्ये स्वल्पविराम देऊन. जिथं पोचलं त्याचे दुसऱ्या रकान्यात. झालं. ठिपके आणि रेघा समोर. जितकी पत्रं जास्त तितका ठिपका मोठा. खाली काळपट्टी लावता येते, तिच्यावर बोट फिरवून हवे तेवढेच महिने धरता येतात आणि नकाशा त्याप्रमाणे बदलतो. तुमची माहिती कुठल्या सर्व्हरवर जात नाही, तुमच्याच मशीनवर राहते. मात्र काम झालं की फाइल उतरवून घ्यायला विसरायचं नाही, टॅब बंद केला की सगळं गेलं.

गेफी नावाचं दुसरं एक आहे, ते जाळी काढतं. माणसं म्हणजे गाठी, पत्रं म्हणजे दोरे. दिसायला झकास. पण शे-दोनशे माणसं घातली की नुसता गुंता होतो, आणि त्या गुंत्याकडे बघून "वा, काय गुंतागुंतीचं राजकारण होतं" असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. गुंता तर माझ्या मोबाइलमधल्या फोन नंबरांचाही होईल.

खरी मजा नकाशाच्या आधी येते, तक्ता भरताना. तारखेचंच घ्या. पत्रावर 'छ.' असतं, म्हणजे चंद्र, आणि पुढं मुसलमानी महिना: रबिलावल, जमादिलाखर, साबान, जिल्काद. साल शुहूर सनाचं, तेही अक्षरी आणि अरबी आकड्यांत. 'इहिदे तिसैन मया व अलफ' म्हणजे एक, नव्वद, शंभर आणि हजार, मिळून ११९१. यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मृग लागला की हे साल बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११९१ हे १७९० च्या पावसाळ्यापासून १७९१ च्या उन्हाळ्यापर्यंत. शेतकऱ्याच्या सोयीचं साल आहे हे, आमच्या मार्च अखेरीपेक्षा कितीतरी शहाणं. घरगुती पत्रांत तर बऱ्याचदा साल नसतंच, नुसती तिथी. 'श्रावण शुद्ध पंचमी' म्हणजे कुठल्या वर्षाची, हे मजकुरावरून ओळखायचं. खरे ओळखायचे. आपण त्यांच्यावर विसंबतो.

म्हणून मी तक्त्यात एक रकाना वाढवला: 'तारीख कुणाची'. पत्रातच आहे, की संपादकानं लावली? पॅलॅडिओत एका टिचकीनं संपादकाच्या तारखा बाजूला काढता येतात. त्या काढल्या की काळपट्टीवर मोठाली भगदाडं पडतात. चित्र कुरूप होतं, पण आपण कशावर उभे आहोत ते कळतं.

एक्सेलची गंमत सांगायलाच हवी. एक्सेलच्या लेखी जग १ जानेवारी १९०० ला सुरू झालं. त्याआधीची तारीख टाकली की ते ती नुसता मजकूर म्हणून ठेवतं, तिच्यातून दिवस वजा करता येत नाहीत. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं ते सॉफ्टवेअर पेशवाईपुढं हात टेकतं हे बघून बरं वाटलं. लिब्रे ऑफिसला ही अडचण नाही. तिथं १७९१ मधल्या एका तारखेतून दुसरी सरळ वजा होते.

आणि वजाबाकी करायची असते, कारण पैवस्ती. पत्र पोचलं की दप्तरातला कारकून त्यावर पोचल्याची तारीख टाकायचा. सगळ्या पत्रांवर नाही, पण जिथं आहे तिथं आपल्याला दोन तारखा मिळतात: लिहिल्याची आणि पोचल्याची. माझ्या मते आपल्याकडच्या पत्रांतला हा सगळ्यात मोलाचा ऐवज आहे. पॅलॅडिओत दोन तारखांमध्ये रेघ ओढायची सोय आहे, जितके दिवस जास्त तितकी रेघ लांब. गावांच्या नकाशापेक्षा मी हल्ली हेच चित्र जास्त बघतो. धारवाडाहून मिरजेला यायचं म्हणजे मलप्रभा, घटप्रभा आणि शेवटी कृष्णा. पूल कुठले? पावसाळ्यात नदी उतरली नाही तर पत्र अलीकडच्या काठावर. आपण सांगलीकरांनी २०१९ चा पूर पाहिलाय, त्यामुळे कृष्णेच्या काठावर अडकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

उशीर हा राजकारणाचा भाग असतो. पानिपतचं युद्ध १४ जानेवारी १७६१ चं. नानासाहेब पेशवे तेव्हा मदतीला म्हणून उत्तरेकडे निघालेले, भेलशाच्या (आजच्या विदिशाच्या) आसपास होते. त्यांना पराभवाचा सुगावा लागला तो २४ जानेवारीला, तोही सरकारी जासुदाकडून नव्हे तर सावकाराच्या पत्रातून. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि मोजदाद नसलेला खुर्दा, असा हिशेबी भाषेतला तो मजकूर मराठी माणसाला पाठ आहे. मधले दहा दिवस पेशव्यांच्या लेखी विश्वासराव आणि भाऊसाहेब जिवंत होते. नकाशावरच्या रेघेत हे दहा दिवस कुठं दिसतात? रेघ तर एका क्षणात पानिपतापासून भेलशापर्यंत जाते. (आणि बातमी आधी सावकाराला कळते, याचं मार्केट यार्डातल्या कुणालाही आश्चर्य वाटणार नाही.)

नावांचा घोळ तारखांपेक्षा मोठा. परदेशातली पत्रं मांडणाऱ्यांना जॉन आणि विल्यम यांचा त्रास असेल, पण आमच्याकडं पत्रात नावच नसतं. 'तीर्थरूप राजश्री दादा', 'चिरंजीव बापू', 'राजश्री नाना'. नाना म्हणजे पेशवे की फडणीस? तात्या म्हणजे पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके की पटवर्धनांच्या घरातलेच कुणी? पाटीलबावा म्हटलं की महादजी शिंदे हे सोपं. भाऊ मात्र अवघड. १७६१ च्या आधीचा भाऊ सदाशिवराव असण्याचा संभव, १७९० मधला भाऊ बहुधा परशुरामभाऊ पटवर्धन. मधल्या काळातला 'भाऊसाहेब' दिसला तर जरा थांबायचं, कारण तो तोतयासुद्धा असू शकतो. सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणाऱ्या त्या माणसानं बरीच खळबळ उडवली आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. मशीनला हे कळत नाही. त्याच्या लेखी भाऊ तो भाऊ. तिन्ही एकाच ठिपक्यात कोंबले, तर मेलेल्या माणसाला तीस वर्षं पत्रं येत राहतील.

गावांची गोष्ट त्याहून वाईट. 'मुक्काम कृष्णातीर' असं लिहिलेलं असतं. कृष्णा महाबळेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, ठिपका कुठं ठेवू? सुरुवातीला मी नदीवर जवळचं एखादं गाव पकडायचो. आता तो रकाना रिकामा ठेवतो. नकाशावर ते पत्र दिसत नाही, यादीत दिसतं.

स्टॅनफर्डच्याच मंडळींचा एक मोठा प्रकल्प आहे, युरोपातल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या विद्वानांचा पत्रव्यवहार नकाशावर मांडणारा. त्यात व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाच्या पत्रांचा नकाशा बघितला. हा माणूस १७२६ ते १७२८ इंग्लंडात राहिलेला, इंग्रजांचं कौतुक करणारं पुस्तक लिहिलेला. आणि नकाशावर इंग्लंडकडे जाणाऱ्या रेघा अगदीच थोड्या. आता याचा अर्थ काय लावायचा? इंग्लंड त्याच्या पुस्तकात होतं आणि पत्रांत नव्हतं? की तिकडची पत्रं उरली नाहीत? चांगला नकाशा प्रश्न विचारायला लावतो हे खरं, पण उत्तर कागदांकडेच परत जाऊन शोधावं लागतं.

दुसरा प्रकल्प ट्यूडर काळातला, इंग्लंडच्या सरकारी कागदांवरचा. १५०९ ते १६०३ या काळातली १,२३,८५० पत्रं आणि २०,४२४ माणसं. डोळे फिरवणारं काम. पण ते कागद सरकारी कपाटातले, म्हणजे सरकारकडे आलेले. जप्त केलेलेसुद्धा. साहजिकच राजाचा मंत्री सगळ्या जाळ्याच्या मध्यात. हे काम करणाऱ्या रूथ आणि सेबॅस्टियन आनर्ट यांनी मेरी राणीच्या काळातल्या प्रोटेस्टंट लोकांची २८९ पत्रं घेऊन आणखी एक अभ्यास केला, तो मला जास्त आवडला. धर्मपुढाऱ्यांना राणीनं जाळलं, तरी जाळं तुटलं नाही. का? कारण ते धरून ठेवणारे वेगळेच होते. निरोप नेणारे, पैसे पुरवणारे, आणि बऱ्याच बायका. पुढाऱ्यांच्या यादीत ज्यांची नावं नाहीत तेच जाळ्यातले कळीचे लोक निघाले.

हे वाचल्यावर मी माझ्या तक्त्यात 'आणणारा' हा रकाना घातला. आमच्याकडं पत्र नेणारी जासूदजोडी असते. एकटा नाही, जोडी. पत्रात कधी त्यांची नुसती नावं येतात, कधी 'जासूदजोडीबरोबर' एवढंच. अजून हे चित्र फार विरळ आहे, त्यावरून काही बोलण्याजोगं नाही.

आता मूळ मुद्दा. कुठल्याही पेढीत दोन रजिस्टरं असतात, आवक आणि जावक. नुसती आवक बघून पेढीचा व्यवहार सांगायचा म्हटलं तर कुठलाही ऑडिटर ती फाइल तोंडावर फेकेल. आणि जुनं दप्तर म्हणजे काय? मुख्यतः आवक. मिरजेत उरलं ते मिरजेला आलेलं. मिरजेहून गेलेलं, ज्याला गेलं त्याच्याकडे. नाना फडणिसांना लिहिलेली पत्रं नानांच्या दप्तरात, वाईजवळ मेणवलीत. त्यातलं बरंच सातारच्या द. ब. पारसनीसांच्या संग्रहात आलं, काही त्यांनी 'इतिहाससंग्रह' मासिकात छापलं, आणि तो संग्रह पुढं पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. म्हणजे एका व्यवहाराच्या दोन बाजू मिरज आणि पुणे अशा दोन टोकांना. त्यात पुन्हा खऱ्यांनी निवड केलेली. त्यांना युद्ध आणि राजकारण महत्त्वाचं वाटलं, लग्नाची बोलणी आणि धान्याचे भाव कमी.

पण यातून एक वाट निघते, आणि ती आपल्या जुन्या पत्रांच्या शिस्तीतच आहे. पत्र लिहिताना आधी पोच द्यायची पद्धत होती. आपण छ. अमुकचे पत्र पाठविले ते छ. तमुकी पावले, आपण लिहिले की असे असे, त्यास उत्तर असे. आलेल्या पत्राचा मजकूर थोडक्यात परत लिहायचा आणि मगच आपलं बोलायचं. त्या काळी पत्र वाटेत गहाळ व्हायचं, लुटलं जायचं, म्हणून ही काळजी. त्याचा फायदा आपल्याला होतो. मिरजेत आलेल्या अशा प्रत्येक पत्राच्या पोटात मिरजेहून गेलेल्या एका पत्राचा सारांश असतो, कधीकधी तारखेसह.

म्हणून मी तक्त्यात अशा गेलेल्या पत्रांच्याही ओळी घालायला लागलो. प्रकार: 'पोच'. म्हणजे मूळ कागद समोर नाही, पण दुसऱ्या कागदानं साक्ष दिलीय. एक पत्र नीट वाचलं तर त्यातून अशा दोन-दोन, तीन-तीन ओळी निघतात. शिवाय तिसऱ्याचं येतं: पुण्याहून नानांनी हरिपंतांस अमुक लिहिले, हैदराबादेहून अशी बातमी आली. या रेघा तर मिरजेला शिवतच नाहीत.

त्या घातल्या आणि नकाशा बदलला. मिरजेवर येऊन पडणाऱ्या रेघा उलट्याही जायला लागल्या, आणि पुणे-हरिपंतांची छावणी, पुणे-हैदराबाद अशा मिरजेला वगळून जाणाऱ्या रेघा उमटल्या. पुतणीला मी हे फोनवर दाखवलं तर म्हणाली, "मग मिरज छोटी झाली की काका." झाली. मला मिरजेत सासर असूनही वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच तक्त्यात बसत नाही. महत्त्वाचं असेल ते पत्रात नसायचं. पत्राच्या शेवटी असतं: बाकी मजकूर हे मुखजबानी सांगतील, म्हणजे पत्र आणणारा तोंडी सांगेल. किंवा सोबत वेगळी पुरवणी, जी वाचून फाडायला सांगितलेली. पत्रांच्या संख्येवर रेघेची जाडी ठरते, आणि इथं तर नाजूक मामला असेल तेव्हाच कागद कमी. म्हणून 'मुखजबानी' असा होय-नाहीचा एक रकाना ठेवलाय. होय असलेली पत्रं वेगळ्या रंगात काढतो. परशुरामभाऊ धारवाडला वेढा देऊन बसले होते, सोबतीला कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण, किल्ल्यात टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान, आणि सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१ असं ते चाललं. त्या काळातल्या पत्रांत हा रंग शोधत बसलोय.

सध्या नीट तपासून घेतलेली पत्रं तेवढ्या एकाच सालची आहेत, इहिदे तिसैनची. मृग ते मृग, म्हणजे धारवाडचा वेढा पुरता आत येतो. नानांच्या बाजूची त्याच सालची छापील पत्रं कुणी तक्त्यात भरत असेल, वाईत, साताऱ्यात, पुण्यात, कुठंही, तर खाली कळवा. दोन्ही टोकं जुळवून बघू, मिरजेतली पोच आणि नानांकडचं मूळ पत्र यांच्या तारखा टॅली होतात का. रकाने कसेही ठेवा, फक्त दोन गोष्टी पाळा. नाव पत्रात जसं आहे तसं एका रकान्यात आणि तुम्ही ओळखलेलं दुसऱ्यात. तारखेचंही तेच, छ. आणि महिना जशाच्या तशा एकीकडे, इंग्रजी तारीख दुसरीकडे. एकदा एकत्र केलं की मागनं सोडवता येत नाही.